भाषा कुठली यावर इतका काथ्याकूट कशाला?
मुलांना प्रोग्रामिंग शिकवण्यावरच्या या लेखाची अर्धी जागा ‘मुलांनी आधी कोणती भाषा शिकावी’ यातच गेलीय. पायथन घ्या नाहीतर जावास्क्रिप्ट, पण सहा महिने बदलू नका, एवढंच पुरे.

मी फोंड्याचा, पंधरा वर्षं प्रोग्रामिंगचंच काम करतोय. अकरावीतल्या भाच्याला व्हिडिओ बघून सगळं ‘येत’ होतं, पण कोरी फाइल उघडली की बोटं अडायची. म्हटलं, आजोबांच्या काजूचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम लिही. किलो, दर, उचल, बाकी. पहिल्याच दिवशी ०.१ अधिक ०.२ चं उत्तर ०.३०००००००००००००००४ आलं आणि पोरगा चक्रावला! संगणक अपूर्णांक द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून साठवतो, त्यात ०.१ नेमका बसतच नाही. म्हणून रक्कम रुपयांऐवजी पैशांत, पूर्णांकात ठेवायची. क्लासात हे सांगितलं असेलही, डोक्यात शिरलं ते काजूमुळे.

पायथनमध्ये एरर आला की शेवटची ओळ आधी वाचा. पोरं नेमकी तीच सोडून घाबरतात. गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, पहिल्या आठवड्यापासून वापरा. एआयकडून कोड घ्या खुशाल, पण ओळन् ओळ आजोबांना समजावता आली पाहिजे.

आजोबा अजून वहीतच लिहितात, ते सोडा.