आग लागल्यावर वर पळू नका: गच्चीवरच्या हेलिपॅडच्या मेसेजला उत्तर

मुंबई-ठाण्यात एखाद्या टॉवरला आग लागली की दुसऱ्या दिवशी एक मेसेज हमखास फिरायला लागतो. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो गेल्या आठवड्यात तिसऱ्यांदा आला. मजकूर थोडक्यात असा: 'अग्निशमन दलाची शिडी फार तर 90 मीटर जाते. त्याच्या वर राहणाऱ्यांनी काय करायचं? लॉस एंजेलिसमध्ये प्रत्येक उंच इमारतीवर हेलिपॅड सक्तीचं आहे. आपल्याकडे गच्च्या रिकाम्या पडल्या आहेत. रंगाचा डबा आणून मोठा एच काढला की हेलिकॉप्टर येऊन सगळ्यांना उचलून नेईल. पण परवानग्यांचं जंगल, आवाजाच्या तक्रारी आणि बाबू लोक यांच्यापायी माणसं मरतात. पुढे पाठवा.'

ज्या काकांनी तो पाठवला ते मनाने फार चांगले आहेत, आणि त्यांची भीती खरी आहे. मी स्वतः एकोणतिसाव्या मजल्यावर राहते. घरात सासूबाई आहेत, त्यांचे गुडघे गेलेले. रात्री जळका वास आला तरी मी उठून दार उघडून बघते. सोसायटीच्या कमिटीवर सहा वर्षं आगीच्या व्यवस्थेचं काम माझ्याकडे आहे. त्यामुळे हा मेसेज नुसता चुकीचा नाही, तो जिवावर बेतू शकतो, असं माझं ठाम मत झालं आहे. त्यातला एकेक मुद्दा घेते.

'लॉस एंजेलिसमध्ये सक्तीचं आहे.' होतं. 1974 साली त्या शहराने 75 फुटांपेक्षा उंच नव्या इमारतींच्या माथ्यावर आणीबाणीत हेलिकॉप्टर उतरवण्यासाठी जागा ठेवणं बंधनकारक केलं. तिथले टॉवर वर सपाट दिसतात ते त्यामुळेच. पण 2014 मध्ये त्याच शहराने ही सक्ती काढून टाकली. बदल्यात इमारतीच्या आतली व्यवस्था वाढवून मागितली: जवानांना वर नेणारी खास लिफ्ट, जादा जिना, अशा गोष्टी. त्या शहराच्या अग्निशमन दलाकडे स्वतःची हेलिकॉप्टरं आहेत, वैमानिक आहेत, चाळीस वर्षांचा अनुभव आहे. त्यांनी गच्चीपेक्षा जिना निवडला.

त्याच शहरातली 4 मे 1988 ची आग मुद्दाम सांगते. फर्स्ट इंटरस्टेट बँकेचा 62 मजली टॉवर बाराव्या मजल्यावर पेटला आणि पाच मजले जळले. गच्चीवर गेलेल्या काही जणांना हेलिकॉप्टरने उतरवलं, हे खरं. पण त्या इमारतीत स्प्रिंकलर, म्हणजे आग लागली की छतातून आपोआप पाणी फवारणारे नळ, बसवण्याचं काम चालू होतं आणि ते अजून सुरू केलेले नव्हते. एक कर्मचारी काय झालंय ते बघायला लिफ्टने वर गेला आणि लिफ्टमध्येच मरण पावला. त्यानंतर शहराने जुन्या उंच इमारतींनाही स्प्रिंकलर लावायला भाग पाडलं.

'हेलिकॉप्टर येऊन सगळ्यांना उचलून नेईल.' मेसेजमधलं हे वाक्य मला सर्वांत जास्त छळतं, कारण लोक यावर विश्वास ठेवून वर पळतील. अशी सुटका कधी झालीच नाही, असं मी म्हणणार नाही. ब्राझीलमधल्या साओ पाउलो शहरात फेब्रुवारी 1972 मध्ये आंद्राउस नावाची इमारत पेटली, तिच्या माथ्यावर हेलिपॅड होतं आणि तिथून शेकडो माणसं हेलिकॉप्टरने सुखरूप निघाली. पण त्याच शहरात दोनच वर्षांनी, 1 फेब्रुवारी 1974 ला, जोएल्मा इमारत पेटली. वर जाण्या-येण्याला एकच जिना. तो धुराने भरला आणि कितीतरी लोक माथ्याकडे गेले. हेलिकॉप्टरं आली, घिरट्या घालत राहिली, पण धूर आणि धग इतकी होती की आग भडकलेली असताना खाली उतरता येईना. त्या दिवशी सुमारे 180 माणसं गेली.

हे असं का होतं, ते समजून घ्यायला हवं. हेलिकॉप्टर हवेवर पेललेलं असतं आणि तापलेली हवा विरळ होते. जळत्या इमारतीच्या डोक्यावरची हवा म्हणजे चुलीवरची हवा. तिथे पात्यांना हवा तेवढा आधार मिळत नाही. धुरात वैमानिकाला गच्चीची कड दिसत नाही, की पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, डिशच्या छत्र्या, विजेचा वाहक दांडा, मोबाइलचा टॉवर यांतलं काही दिसत नाही. शिवाय पात्यांचा झोत आगीला वारा घालतो आणि धूर परत खाली, उघड्या दारातून जिन्यात ढकलू शकतो. 11 सप्टेंबर 2001 ला न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांवर पोलिसांची हेलिकॉप्टरं पोचली होती, तरी माथ्यावर उतरता आलं नाही. आत काही माणसं वर गेली, पण गच्चीची दारं बंद होती.

धूर तर वरच जातो. नोव्हेंबर 1980 मध्ये लास व्हेगासच्या एमजीएम ग्रँड हॉटेलात आग लागली ती तळमजल्यावर. मेलेल्या 85 जणांपैकी बहुतेक वरच्या मजल्यांवर होते, आगीपासून कितीतरी लांब. जिने आणि लिफ्टच्या पोकळ्या यांतून धूर वर चढला आणि त्याने त्यांचा जीव घेतला. तिथेही गच्चीवरून शेकडो लोकांना हेलिकॉप्टरांनी उतरवलं. तेही खरं आणि हेही खरं.

आता आमच्यासारख्या टॉवरचा हिशोब करा. चाळीस मजले, मजल्याला चार घरं, घरात चार माणसं धरली तर 640 जण होतात. एका खेपेला पाच जण बसले तर 128 खेपा. उतरणं, बसवणं, कुठेतरी नेऊन सोडणं आणि परत येणं, याला दहा मिनिटं फार कमी धरली आहेत, तरी एकवीस तासांच्या वर जातात. आणि गच्चीवर दाटीवाटीने उभ्या असलेल्या सहाशे माणसांमध्ये फिरत्या पात्यांचं यंत्र उतरवायचं कसं?

'फक्त एच रंगवायचा.' हेलिपॅड रंगाने होत नाही. ज्या हेलिकॉप्टरसाठी ते बांधायचं, त्याची पाती फिरत असताना जी सर्वांत मोठी लांबी भरते, तिच्यावरून जागेचं माप ठरतं. ते जोरात आदळलं तर त्याच्या वजनाच्या दीडपट ते अडीचपट भार स्लॅबने सोसायला हवा, म्हणजे हे कॉलम आणि पाया काढतानाच ठरायला लागतं. कडेने किमान दीड मीटर रुंदीची जाळी लागते. सांडलेलं इंधन जिन्याकडे किंवा खाली न जाता वेगळं वाहून जाईल असा उतार लागतो. फोमची यंत्रणा लागते आणि ती चालवणारी माणसं उतरण्या-उडण्याच्या वेळी हजर लागतात. वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा लागतो, रात्रीसाठी दिवे लागतात. आमच्या गच्चीवर वॉटरप्रूफिंगच्या चिपा तीन ठिकाणी उखडल्या आहेत आणि पावसाळ्यात वरच्या घरात गळतं. त्या स्लॅबवर काही टन वजनाचं यंत्र उतरवायची गोष्ट कोणी सहज करू नये.

आणि सगळं नियमाप्रमाणे बांधलं तरी काय होऊ शकतं, त्यासाठी न्यूयॉर्कची पॅन ॲम बिल्डिंग पाहा. शहराच्या अगदी मध्यात, 59 मजल्यांवर हेलिपॅड. विमानतळाहून थेट इथे, अशी प्रवाशांची नियमित सेवा. 16 मे 1977 च्या संध्याकाळी एक मोठं हेलिकॉप्टर उतरून उभं होतं, पाती फिरत होती, पुढचे प्रवासी चढत होते. चाकाच्या आधाराचा एक भाग धातू थकून मोडला, हेलिकॉप्टर कुशीवर कलंडलं आणि पात्यांखाली गच्चीवरचे चार जण मेले. पात्याचा एक तुकडा कठड्यावरून उडून खाली रस्त्यावर गेला. तिथे फुटपाथवरून चालणारी एक बाई त्याने ठार झाली. ना ती त्या इमारतीत होती, ना तिचा त्या उड्डाणाशी काही संबंध होता. ते हेलिपॅड त्यानंतर कायमचं बंद झालं.

परवानग्यांचा विषय निघाला की मला ती बाई आठवते. मेसेज म्हणतो, 'गच्ची आमची, परवानगी कोणाची?' गच्ची तुमची आहे, पण हेलिकॉप्टरची वाट शेजाऱ्यांच्या डोक्यावरून जाते. ते लिफ्टसारखं सरळ वर-खाली होत नाही, ते तिरपं येतं आणि तिरपं जातं. अमेरिकी नियमात ही वाट आठास एक अशा चढाने मोजतात: आठ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर, आणि हे 4000 फुटांपर्यंत मोकळं पाहिजे. आता परळ, वरळी किंवा आमचा घोडबंदर रोड डोळ्यांसमोर आणा. आज बाजूला चार मजली जुनी सोसायटी आहे, उद्या ती पुनर्विकासाला जाते, तिथे क्रेन उभी राहते आणि तीन वर्षांत चाळीस मजले. तुमच्या हेलिपॅडची वाट बंद. ती उघडी ठेवायची तर शेजाऱ्याला उंची नाकारावी लागेल. शहर नियोजनाचा प्रश्न आहे तो हा, आणि तो कोणा बाबूने उगीच काढलेला नाही.

क्रेनची भीती कल्पनेतली नाही. 16 जानेवारी 2013 ला लंडनमध्ये धुक्यात एक हेलिकॉप्टर वॉक्सहॉलच्या टॉवरवरच्या क्रेनला धडकलं. वैमानिक आणि रस्त्यावरचा एक माणूस गेला. जून 2019 मध्ये न्यूयॉर्कमध्ये पाऊस आणि ढगांत एक हेलिकॉप्टर उंच इमारतीच्या माथ्यावर कोसळून वैमानिक ठार झाला. आपल्याकडे मे 2017 मध्ये निलंग्याला तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर उडताच विजेच्या तारांत अडकून खाली आलं. सुदैवाने सगळे वाचले. 2 ऑक्टोबर 2024 ला पुण्याजवळ बावधनला सकाळच्या धुक्यात उडालेलं हेलिकॉप्टर कोसळलं, तिघे गेले. मुख्यमंत्र्यांसाठी सगळा बंदोबस्त असताना तारा आड येतात, मग गल्लीतल्या टॉवरवर रोजची ये-जा सुरू झाली तर काय?

न्यूयॉर्कची सार्वजनिक हेलिपोर्ट सगळी नदीकाठाला आहेत, म्हणजे ये-जा पाण्यावरून होते. मुंबईतही जुहूचा विमानतळ किनाऱ्याजवळ, नौदलाचा तळ कुलाब्याला समुद्राकाठी, महालक्ष्मी रेसकोर्सच्या मोकळ्या मैदानात. त्या जागा तशा का आहेत, हे नकाशा उघडून कोणीही पाहावं.

आवाजाबद्दल थोडक्यात. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे, शाळा-रुग्णालयांभोवती 100 मीटर शांतता क्षेत्र. डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं की ही मर्यादा केव्हाच ओलांडली जाते. ध्वनिप्रदूषणाविरुद्ध काम करणाऱ्या मुंबईच्या आवाज फाउंडेशनने गच्चीवरच्या हेलिपॅडना विरोध केला तेव्हा त्यांना 'विकासाचे शत्रू' म्हणणारे लोक होते. पहाटे पाळणा हलवणाऱ्या आईला विचारा. रुग्णालयासाठी, जिवंत अवयव किंवा अपघातातला जखमी आणण्यासाठी हेलिपॅड हवं, त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. तो आवाज मी आनंदाने सोसेन. राष्ट्रीय इमारत संहितेतही अतिउंच इमारतींसाठी हेलिपॅडचा उल्लेख आहे, पण त्या संहितेची पानंच्या पानं जिने, धूर रोखणारी दारं, पंप आणि स्प्रिंकलर यांवर आहेत. मेसेज नेमका तेवढा भाग सोडून देतो.

आता माणसं कशाने मरतात ते बघू. मार्च 2010 मध्ये कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवर स्टीफन कोर्ट पेटलं, 43 जण गेले. काहींचे मृतदेह गच्चीकडे जाणाऱ्या जिन्यात सापडले, कारण वरचं दार कुलूपबंद होतं. डिसेंबर 2017 मध्ये कमला मिल्समध्ये 14 जण गेले, आणि ती आग गच्चीवरच्याच हॉटेलात लागली होती. गच्ची म्हणजे सुरक्षित जागा, हा समज तिथेच जळून गेला.

शिडी 90 मीटरच्या वर जात नाही, हा मेसेजमधला मुद्दा बरोबर आहे. म्हणूनच उंच इमारतीत आग आतून विझवायची असते: जवान फायर लिफ्टने वर जातात, जिन्यातल्या उभ्या पाइपला होज लावतात, आणि रहिवासी जिन्याने खाली किंवा जवळच्या रिफ्यूज मजल्यावर, म्हणजे आगीच्या वेळी थांबण्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या जागी, उतरतात. जिन्यात धूर असेल तर दार लावून, फटीत ओले टॉवेल कोंबून, खिडकीतून हाक मारत घरातच थांबतात. महाराष्ट्रात 2006 चा आग प्रतिबंधक कायदा आहे. त्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी घ्यायचा असतो. काकांना मी विचारलं, आपला या जुलैचा फॉर्म कोणी बघितलाय? ग्रुपवर 212 जण आहेत, कोणीच बघितला नव्हता.

तेव्हा मागच्या रविवारी आम्ही आठ जण जिन्याने खाली उतरलो, एकोणतिसाव्यापासून. अकरा मजल्यांवर फायर डोअर, म्हणजे जिन्यात धूर येऊ न देणारं दार, विटेने किंवा कुंडीने उघडं ठेवलेलं होतं, कारण ते आपटतं आणि झोपमोड होते. बाविसाव्या मजल्याच्या रिफ्यूज एरियात दोन सोफे, एक मोडकी वॉशिंग मशिन, गणपतीच्या मखराचं थर्माकोल आणि चौदा सायकली. होजच्या एका पेटीत नोझल नव्हतं. गच्चीच्या दाराला कुलूप, किल्ली वॉचमनच्या खोलीत खिळ्याला, आणि त्या दिवशीच्या वॉचमनला ती कुठल्या कुलपाची हे माहीत नव्हतं.

सासूबाईंसाठी आम्ही जिन्यातून उतरवायची खुर्ची मागवली आहे. सोफे मंगळवारी गेले. थर्माकोल मी स्वतः खाली नेलं. सायकलींच्या मालकांना शनिवारपर्यंतची मुदत दिली आहे, आणि काका आता ग्रुपवर रोज सकाळी सुप्रभातच्या जागी फायर डोअरचे फोटो टाकतात. काल सातव्या मजल्याची वीट अजून जागेवर होती.