तिवंधा चौकातली रहाड आणि भाच्याची लेव्हल

"नुसता मोबाइल खेळत बसतो" हे वाक्य मी माझ्या आठवीतल्या भाच्याबद्दल पुन्हा काढणार नाही.

जिओमेट्री डॅश नावाचा २०१३ सालचा गेम आहे. एक चौकोन पळत असतो, बोट टेकवलं की उडी मारतो, काट्याला लागला की पुन्हा पहिल्यापासून. पूर्ण व्हर्जनमध्ये स्वतःची लेव्हल, म्हणजे खेळाचा एक टप्पा, बांधता येते आणि ती जगात कुणीही खेळू शकतं. सुट्टीत पंचवटीत आमच्याकडे आलेल्या या पोराने त्यात नाशिकची रंगपंचमी बांधली. रहाड म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेला जमिनीतला हौद, त्यात उडी मारायची तो धप्पा. तिवंधा चौकाची पिवळी रहाड, शनि चौकाची गुलाबी, दोन्हींत धप्पा मारून पुढे निघायचं.

पहिल्यांदा मला खेळायला दिली. मी तिसऱ्याच काट्याला मरत राहिले. तो मागे उभा राहून नुसता बघत होता. मग म्हणाला, "मावशी, तुला काटा उशिरा दिसतोय. चूक माझी आहे." काटा त्याने तिथेच ठेवला, पण त्याच्याआधी थोडी मोकळी जागा आणि एक सोपी उडी घातली. हात बसला, मग अवघड जमलं. मी पंधरा वर्षं गणित शिकवते. सोप्यामागे अवघड उदाहरण कुठे ठेवायचं हे मला वर्गात चुका करत करत कळलं. हा तेराव्या वर्षी शिकतोय, तेही समोरच्याचा हात कुठे अडतो ते बघून.

अपलोड करण्याआधी आपली लेव्हल पहिल्यापासून शेवटपर्यंत आपणच पार करायची असा तिथे नियम आहे. त्याला दोन संध्याकाळी लागल्या. २०१५ च्या सुपर मारिओ मेकर या लेव्हल बांधायच्या गेममध्येही हाच नियम. प्रश्नपत्रिका काढणाऱ्या आम्हा शिक्षकांनाही तो लावावा, असं मला मनापासून वाटतं.

मात्र एका गोष्टीचा मला राग येतो. त्याच मारिओ मेकरमध्ये मार्च २०२१ नंतर नवीन लेव्हल टाकता येईनाशी झाली आणि एप्रिल २०२४ मध्ये तो ज्यावर चालायचा त्या वी यू या गेमच्या यंत्राची ऑनलाइन सेवाच बंद झाली. त्याआधी देशोदेशीचे खेळाडू एकत्र आले आणि ज्या लेव्हल कुणीच पार केल्या नव्हत्या, त्या एकेक करून संपवत गेले. अनोळखी माणसांच्या मेहनतीचा इतका मान मी क्वचित पाहिलाय. लिटल बिग प्लॅनेट या अशाच लेव्हल बांधायच्या गेमचे उरलेले सर्व्हरही २०२४ मध्येच कायमचे गेले. उलट १९९३ च्या डूम या गेमसाठी लोकांनी बनवलेल्या लेव्हल आजही खेळता येतात, कारण त्या साध्या फाइल होत्या आणि लोकांच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवर होत्या. सर्व्हर बंद करायचा तर करा, पण आधी प्रत्येकाला त्याने बांधलेल्याची फाइल द्या.

आपली रहाड वर्षभर रस्त्याखाली झाकलेली असते. वरून गाड्या जातात, पण रंगपंचमीला उघडली की ती तिथेच असते.

दिल्ली दरवाज्याची रहाड अजून बांधायची राहिलीय. दिवाळीच्या सुट्टीत येतोय तो.