आधी सुई, टेन्शन नंतर: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. चामड्याच्या मशीन-शिलाईवरच्या लेखावर तुम्ही घेतलेले आक्षेप थोडक्यात असे: सुई-दोऱ्याचं कोष्टक (कोणत्या दोऱ्याला कोणती सुई) म्हणजे कागदी शहाणपण, खालची शिलाई घाण आली की वरच्या दोऱ्याचं टेन्शन, म्हणजे ताण, आवळायचं, विषय संपला, धारावीत एकाच सुईवर सगळा माल निघतो, आणि वॉकिंग फूटचा (चामडं दाबून धरणारं आणि वरूनही पुढे सरकवणारं फूट) आग्रह म्हणजे नवख्यांना खर्चात पाडणं. तिसऱ्या मुद्द्यावर आपलं बरंचसं जमतं. पहिल्यावर अजिबात नाही.

टाका पडताना वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकतात. ती गाठ चामड्याच्या जाडीत, मधोमध बसली पाहिजे. कापड मऊ असतं, गाठीला सहज आत घेतं. चामडं घेत नाही; तिथे सुईने पाडलेल्या भोकात मावेल तेवढीच गाठ आत येते. सुईवरचा 100 हा आकडा म्हणजे दांड्याची जाडी 1 मिमी, 125 म्हणजे 1.25 मिमी. टेक्स 90 चा (टेक्स हे दोऱ्याच्या जाडीचं माप) बॉन्डेड नायलॉन दोरा 100 च्या सुईत ओवला, तर गाठ भोकाच्या तोंडाशी अडकते आणि खालच्या बाजूला ठिपक्यांसारखी दिसते. मग आपण टेन्शन आवळतो. गाठ तरीही वर येत नाही. उलट वरचा दोरा चामड्यात रुतून बसतो, पातळ चामडं आकसतं, आणि सुईच्या नेढ्यात घासून दोरा पिंजतो. दोष भोकाचा, शिक्षा दोऱ्याला!

म्हणून जोड्या पुन्हा देतो. टेक्स 70 (रिळावर बहुधा 40 नंबर) ला 110 म्हणजे 18 नंबरची सुई, टेक्स 90 (30 नंबर) ला 120 किंवा 125, टेक्स 135 (20 नंबर) ला 140 म्हणजे 22 नंबर. रिळावरचा नंबर (टेक्स नव्हे) वाढला की दोरा बारीक होतो, सुईवरचा वाढला की सुई जाड होते, हे उलटसुलट लक्षात ठेवा.

पडताळा घ्यायचा असेल तर त्याच चामड्याच्या कातरणीवर, तितकेच पदर घेऊन, वर लाल आणि खाली पांढरा दोरा लावून बोटभर शिवा. मग ब्लेडने टाक्यांच्या रेघेवरूनच उभा छेद घ्या. लाल-पांढरा कुठे भेटतात ते उघड दिसतं. सुई बरोबर असूनही गाठ खाली असेल, तरच वरचं टेन्शन पाव-पाव फेरा आवळा. त्याआधी बॉबिनचा, म्हणजे खालचा, दोरा हाताने ओढून बघा: अडखळत नव्हे, एकसारखा, किंचित ताणाने यायला हवा. खाली सगळा गुंताच झाला असेल तर बहुतेक वेळा वरचा दोरा टेन्शनच्या चकत्यांत बसलेलाच नसतो. फूट वर करून पुन्हा ओवा, आणि पहिले तीन-चार टाके पडेपर्यंत दोन्ही दोऱ्यांची टोकं हातात धरा.

आता धारावीचं. एकाच सुईवर माल निघतो, कारण त्या मशीनवर दिवसभर एकच माल असतो: तेच चामडं, तीच जाडी, तोच दोरा. कारागिराने मशीन त्या मालावर एकदा बसवलेली असते. कोष्टक त्याच्या हातात आहे, म्हणून त्याला कागदावर लागत नाही. घरी मात्र आज पाकीट, उद्या पट्टा, परवा बॅगेचं हँडल; तिथे सुई बदलावीच लागते.

सुईच्या टोकाच्या आकाराचा मुद्दा तुम्ही काढलाच नाहीत, पण रेघेच्या देखणेपणात त्याचा वाटा मोठा. चामड्याच्या सुयांमधलं एल-आर नावाचं धारदार टोक तिरकी चीर पाडतं, टाके किंचित तिरपे पडतात. एस टोकाची चीर शिलाईच्या दिशेनेच असते, त्यामुळे रेघ सरळ दिसते. पण टाका आखूड ठेवलात तर चिरा एकमेकींना मिळू लागतात आणि चामडं तिथेच फाटतं. एस टोकाने 3 मिमीच्या खाली सहसा जाऊ नये.

वॉकिंग फूट. दोन पदर मिळून 2 मिमीच्या आसपास असतील आणि दोरा टेक्स 70 असेल, तर साधी मशीन पुरते, मान्य. फक्त पदर आधी चिकटवा आणि सोल्युशन पुरतं वाळू द्या. ओलं सोल्युशन सुईला चिकटतं आणि टाके सुटतात. खालच्या दात्यांचे वळ पडत असतील तर चामड्याखाली बटर पेपर घाला. फुटाचा दाब कमी करता येतो, पण सुई वर जाताना चामडं सोबत उचललं जाऊ लागलं की समजा, दाब फार कमी झाला. तेव्हाही टाके सुटतात. मात्र दोन पदरांवरून चार पदरांवर चढायचं असेल, तर साधं फूट तिरकं होतं आणि त्या पायरीवर टाके आखडतात. तिथे वॉकिंग फूटला पर्याय नाही. नाहीतर पायरीची कड छिलून उतार करा.

जाता जाता, शिवताना चामड्यावर पडणाऱ्या काळ्या डागांविषयी तुम्ही विचारलं होतंत, त्याबद्दल. व्हेज-टॅन (झाडांच्या सालीने कमावलेल्या) चामड्यातलं टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात भेटले की काळा डाग पडतो आणि तो पुसून जात नाही. मुंबईच्या जुलैत चामडं दमट असतंच. त्यामुळे शिलाई अर्धवट ठेवून जेवायला उठताना सुई चामड्यात रुतवून ठेवू नका, फूट उचला, आणि मशीनचा पत्रा कोरड्या फडक्याने पुसल्याशिवाय पुन्हा चामडं ठेवू नका.