२०२४ची नेट कॉम्प्युटरमुळे रद्द झालेली नाही

‘कॉम्प्युटरवरची नेट म्हणजे फसवणूक. २०२४ला सिस्टिम हॅक झाली म्हणून परीक्षा रद्द झाली. शिफ्ट पाडून हुशार मुलांचे मार्क कापतात. क्लिक केलेली उत्तरं मागून बदलतात.’ नेट म्हणजे प्राध्यापक होण्यासाठीची पात्रता परीक्षा, आणि तिच्याबद्दलचा हा मेसेज एम.ए.वाल्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. तो वाचून माझी मावसबहीण म्हणाली, “दादा, यंदा मी फॉर्मच भरत नाही.” म्हणून हे लिहायला बसलो.

अहो, १८ जून २०२४ची नेट कॉम्प्युटरवर झालीच नव्हती! डिसेंबर २०१८पासून ही परीक्षा कॉम्प्युटरवर व्हायची. नेमकी त्या वेळी ती घेणाऱ्या एनटीए या सरकारी संस्थेने ती पुन्हा कागदावर आणली. ओएमआर शीट (म्हणजे गोल रंगवून उत्तर द्यायचा कागद), पेन, नऊ लाखांवर परीक्षार्थी, सगळे विषय एकाच दिवशी. १९ जूनच्या रात्री शिक्षण मंत्रालयाने ती रद्द केली. त्या पत्रकातच लिहिलंय की परीक्षा ओएमआर पद्धतीने, पेन आणि कागदावर झाली होती. पत्रक इंटरनेटवर आहे, वाचायला दोन मिनिटं लागतात. फेरपरीक्षा त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घेतली, ती मात्र कॉम्प्युटरवर. मेसेज लिहिणाऱ्याने सगळं उलटं करून ठेवलंय, आणि त्यावर विश्वास ठेवून एका मुलीचं वर्ष वाया चाललंय.

मार्क कापण्याचं म्हणाल तर, एकाच विषयाची परीक्षा वेगवेगळ्या शिफ्टमध्ये झाली की तुलना पर्सेंटाइलने करतात. आपल्या शिफ्टमध्ये आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी मार्क शंभरात कितीजणांना मिळाले, एवढंच पर्सेंटाइल सांगतं. पेपर अवघड निघाला तर त्या शिफ्टमधल्या सगळ्यांचेच मार्क उतरतात. एकाचे काढून दुसऱ्याला देण्याचा प्रश्नच येत नाही. ज्या विषयाचे परीक्षार्थी एकाच शिफ्टमध्ये मावतात, त्यांच्यात तर शिफ्टशिफ्टची तुलना करावीच लागत नाही.

उत्तरं बदलतात म्हणे! निकालाआधी आपली उत्तरं आणि उत्तरतालिका दोन्ही लॉगिन करून बघता येतात, हरकतही घेता येते. एका प्रश्नाला २०० रुपये लागतात, हे मात्र मला पटत नाही.

कॉम्प्युटरवर गैरप्रकार होतच नाहीत, असं मी म्हणणार नाही. २०२१च्या जेईई मेनमध्ये (इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा) हरियाणातल्या सोनिपतच्या केंद्रावरचे कॉम्प्युटर बाहेरून चालवल्याचा आरोप आहे, सीबीआयने त्यात अटकाही केल्या. ज्या मुलांनी माउस फारसा हातात धरलेला नाही, त्यांची अडचणही खरी आहे. पण एनटीएच्या साइटवर सरावाची परीक्षा फुकट देता येते. गावाकडच्या कॉलेजांनी आपली कॉम्प्युटर लॅब त्यासाठी संध्याकाळी उघडी ठेवावी, आणि नसतील ठेवत तर मुलांनी प्राचार्यांकडे लेखी मागणी करावी.