गाठ पडली ठका ठका

टेबल दोन तासांत झालं. चार पाय, वर फळी, एक ड्रॉवर. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये करड्या रंगात ते इतकं सुबक दिसत होतं की म्हटलं, आता लाकूड चढवलं की झालं. 'चढवलं की झालं' या तीन शब्दांनी माझा अख्खा शनिवार आणि अर्धा रविवार खाल्ला.

सागवानाचं एक टेक्स्चर, म्हणजे मॉडेलवर चढवायचं लाकडाचं चित्र, डाउनलोड करून लावलं. टेबल आगकाड्या चिकटवून केल्यासारखं दिसू लागलं. स्केल वाढवलं, तर अख्ख्या फळीवर मिळून दोनच रेषा. मधलं माप साधलं, तेव्हा ती गाठ दिसली. बदामी, डोळ्याच्या आकाराची, खरं तर देखणी. पण टेक्स्चर फरशांसारखं शेजारी शेजारी मांडलं जातं, त्यामुळे फळीवर सारख्या अंतराने अशा सहा गाठी. सहा डोळे माझ्याकडे रोखून बघत होते.

पायांवर रेषा आडव्या आल्या. लाकडाचे तंतू खोडाच्या लांबीने धावतात, म्हणून सुतार पाय नेहमी उभ्या रेषेचा काढतो; आडव्या रेषेचा पाय भार आला की काडकन मोडेल. माझ्या टेबलावर भार फक्त माझ्या अपेक्षांचा होता, पण तोही कमी नव्हता. मग यूव्ही उलगडणं आलं. म्हणजे पुठ्ठ्याचा खोका शिवणीवर कापून सपाट पसरतात, तसा प्रत्येक पाय पसरायचा आणि ९० अंशांत फिरवायचा. तीन पाय फिरवले. चौथा मागे होता. कोण बघतंय!

ताईने बघितलं. त्यातही पहिला प्रश्न, "काय रे, प्लास्टिकचं आहे का?"

प्लास्टिक कुठून आलं, ते शोधण्यात संध्याकाळ गेली. खरखरीतपणाचा जो काळा-पांढरा नकाशा असतो, त्याला 'नॉन-कलर' सांगायला मी विसरलो होतो. संगणकाने तो रंग समजून गडद करून वाचला, आणि त्या नकाशात गडद म्हणजे गुळगुळीत. टेबल तेलात बुडवून काढल्यासारखं चकाकत होतं. शिवाय कडा ब्लेडसारख्या धारदार. खऱ्या लाकडाची कड किंचित घासलेली असते आणि तिच्यावर उजेडाची बारीक रेघ उमटते, म्हणून सगळीकडे अर्ध्या मिलिमीटरचं बेव्हल दिलं, म्हणजे कडांची धार मोडली. मग ओरखडे. मग पेला ठेवल्याचा पुसट गोल डाग. सुतार जे लपवण्यासाठी घाम गाळतो, तेच मी एकेक करून निगुतीने लावत होतो.

तरी गाठी सहाच्या सहा. शेवटी वाटलं, परक्याचं लाकूड हवं कशाला? ज्यावर माझा मॉनिटर ठेवलाय ते टेबल 'अस्सल सागवान' म्हणून घेतलेलं आहे. मॉनिटर उचलला, धूळ पुसली, खिडकीच्या उजेडात नीट वरून फोटो काढला. उघडून बघतो तर डावीकडे एक गाठ, बदामी. उजवीकडे एक गाठ, बदामी. दोघींच्या शेपटाला तोच बारीक काटा.

पट्टी आणून मोजलं. नंतर टेबलाखाली वाकून, जिथे पॉलिश पोचत नाही तिथली कड नखाने खरवडली. छापील कागदाचा पापुद्रा अलगद वर आला.

ताई दारातून म्हणाली, "आता खाली काय शोधतोयस?"

"यूव्हीची शिवण," मी म्हटलं.