चेन टिकते, टेन्शनर नाही
इंजिनातले व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची वेळ जुळवणाऱ्या चेनबद्दल ‘टायमिंग चेन आयुष्यभर टिकते, बेल्टसारखी बदलावी लागत नाही’ हे एका लेखातलं वाक्य जुनी ऑडी घेणाऱ्याला फार महागात पडेल. 2008 ते 2012 च्या 1.8 आणि 2.0 टीएफएसआयमध्ये (ऑडीची टर्बो पेट्रोल इंजिनं) दुखणं टेन्शनरचं, म्हणजे चेन ताणून ठेवणाऱ्या भागाचं आहे. इंजिन बंद झालं की ऑइलचं प्रेशर उतरतं, मग प्लंजरला, म्हणजे टेन्शनरमधल्या चेन दाबून धरणाऱ्या दांड्याला, धरून ठेवते ती फक्त एक बारीक क्लिप. ती तुटली की प्लंजर मागे सरकतो, चेन चाकाचे दात सोडते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात.

सोलापुरात गाडी बघायला जाणार असाल तर मालकाला आदल्या दिवशीच सांगा, सकाळी चालू करू नका. थंड इंजिनवर पहिले दोन-तीन सेकंद खडखड झाली तर टेन्शनर, चेन, गाइड (चेनला वाट देणाऱ्या पट्ट्या) एकदमच बदला, आणि टेन्शनर सुधारित डिझाइनचाच घ्या. दुपारी होटगी रोडवर तापवून आणलेल्या गाडीत हा आवाज बहुधा ऐकूच येत नाही.