जरा दणकट कर की!

सांगलीत कुठलीही वस्तू बनवायला घेतली की बघायला येणाऱ्याचा पहिला सल्ला ठरलेला : "जरा दणकट कर की!" ट्रॅक्टरची ट्रॉली, गणपतीचा मांडव, टाकीखालचा स्टँड, इथं तो लागूही पडतो. पण टेबलावर रेडिओ कंट्रोल विमानाचा पंख मांडलेला असताना तो ऐकणं हा छळ आहे. माझी लढाई एकेका ग्रॅमशी चाललेली असते आणि शेजारचे काका एमसीलची पुडी घेऊन दारात उभे असतात.

हिशेब साधा आहे. पंख टोकापासून टोकापर्यंत १ मीटर, रुंदी १८ सेंटिमीटर. अख्खं विमान ५०० ग्रॅमचं. दर चौरस डेसिमीटरवर २८ ग्रॅम ओझं आलं, शिकाऊ हाताला झेपतं. हेच वजन २० टक्के वाढलं की विमान हवेत टिकायला लागणारा किमान वेग जवळजवळ १० टक्क्यांनी वाढतो. म्हणजे उतरतानाही तेवढ्याच जोरात येणार, आणि आपटणार त्याहून जोरात. दणकटपणा केला म्हणूनच मोडलं, हे काकांना पटवणं मी सोडून दिलंय.

लाकूड बाल्सा. ते मुख्यतः इक्वेडोरहून येतं, आपल्या वखारीत मिळत नाही; कुरिअरनं मागवायचं. फळी डोळ्यांनी निवडू नका, काट्यावर निवडा. १ मीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद, दीड मिलिमीटर जाड अशा दोन फळ्या दिसायला जुळ्या, पण एक १५ ग्रॅमची तर दुसरी ३० ग्रॅमची असू शकते. किंमत तीच! त्यासाठी सराफ कट्ट्यावर असतो तसला, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा छोटा काटा घ्यावा. हलकी फळी रिबांना, म्हणजे पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळ्यांना; कडक आणि जड फळी स्पारला, म्हणजे टोकापासून टोकापर्यंत जाणाऱ्या पंखाच्या कण्याला. उलट केलंत तर पंख जडही होतो आणि वाकतोही.

रिबा १६ लागतात, मधे साडेसहा सेंटिमीटरचं अंतर. रिबेचा आकार 'क्लार्क वाय' नावाचा, पंखांसाठीचा ठरलेला, तो घ्यावा : जाडी रुंदीच्या पावणेबारा टक्के आणि खालची बाजू पुढच्या ३० टक्क्यांनंतर सपाट, त्यामुळे पाटावर ठेवूनच जोडता येतो. प्लायचे दोन साचे कापायचे, मधे सगळे तुकडे बोल्टनं आवळायचे आणि पॉलिश पेपरनं एकदमच घासायचे. सुटी रिब कापणाऱ्याच्या पंखाला सोळा वेगवेगळे स्वभाव येतात.

स्पार वर एक, खाली एक, ६ बाय ३ मिलिमीटरचे, पुढच्या कडेपासून रुंदीच्या ३० टक्क्यांवर. उडताना वरचा दाबला जातो, खालचा ताणला जातो. दोघांच्या मधे दीड मिलिमीटरच्या बाल्साच्या चकत्या, लाकडाच्या रेषा उभ्या ठेवून. रेषा आडव्या लावल्या की चकती निव्वळ शोभेची. बाक सगळ्यात जास्त मुळाशी, म्हणजे पंखाच्या मधोमध येतो, म्हणून चकत्या मधल्या अर्ध्या पंखातच भरायच्या. टोकाकडे वजन वाढवलं की विमान कूस बदलायलाच तयार होत नाही. काकांचा आग्रह नेमका टोकांना प्लाय लावायचा असतो, "तिथंच तर आपटतंय की रे!"

गोंदाचं तर बोलायलाच नको. सांधा आधी नीट बसला पाहिजे. फट गोंदानं भरणं म्हणजे वजन विकत घेणं. फेविकॉल काडीच्या टोकानं लावायचा, आणि कृष्णेला पाणी चढलेलं असतं त्या दिवसांत रात्रभर हात लावायचा नाही. बाहेर ओघळलेला गोंद ओला असतानाच पुसा. वाळला की तो बाल्सापेक्षा कडक होतो. वरून पॉलिश पेपर फिरवला की लाकूड झिजतं, गोंद तसाच राहतो आणि पंखावर वरंबे उठतात.

थर्माकोलचा पंख स्वस्त पडतो, पण २०१८च्या बंदीपासून मखराच्या शीट गेल्या. आता टीव्ही-फ्रिजच्या दुकानात खोक्यातले तुकडे मागायला जायचं. त्यावर साधं फेविक्विक किंवा स्प्रेचा रंग पडला तर थर्माकोल डोळ्यांदेखत खड्डा पाडून विरघळतो.

आता फिल्म, म्हणजे पंखावर इस्त्रीनं चिकटवायचा प्लॅस्टिकचा पातळ कागद. लाकूड, गोंद, फिल्म धरून पंख ६० ग्रॅमच्या आत बसवायचा, तर त्यातले वीस-बावीस ग्रॅम एकट्या नेहमीच्या जाड फिल्मचे! रिबांना भोकं पाडून अर्धा ग्रॅम वाचवणारे लोक इथं डोळे मिटून दुहेरी थर चढवतात. आधी खालची बाजू चिकटवा, मग वरची, पण ताणताना दोन्हीकडं थोडी थोडी इस्त्री फिरवा. एकच बाजू ताणली की पंख पापडासारखा वळतो. मुद्दाम द्यायचा पीळ वेगळा : दोन्ही टोकांची मागची कड ६ मिलिमीटर वर, म्हणजे साधारण दोन अंश. वेग कमी झाला तर टोकं आधी हार मानत नाहीत. हाताने पिळून धरायचं, वरून इस्त्री, थंड होईपर्यंत सोडायचं नाही. इस्त्री जुनी, वेगळी ठेवा. फिल्मचा लाल रंग तिला लागतो आणि तिथून पांढऱ्या शर्टाला. त्यापुढच्या प्रश्नांना माझ्याकडं उत्तर नाही.

दोन्ही अर्धे जोडताना एक पाटावर दाबून दुसऱ्याचं टोक पावणेनऊ सेंटिमीटर उचला, दर बाजूला पाच अंश मिळतात. मग सुकाणूवरच विमान वळतं, पंखात सर्व्हो (पंखाच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटारी) लागत नाहीत, १८ ग्रॅम वाचले.

मजबुती तपासायची तर तयार विमान दोन्ही टोकांना बोटं लावून उचला. मुळाशी येणारा बाक ढोबळमानानं 'दोन जी'च्या, म्हणजे विमानाचं वजन दुप्पट भासवणाऱ्या वळणाइतका असतो. विमानाच्या पोटावर आणखी ५०० ग्रॅमचं वजन ठेवून उचललं तर चार. चार सोसले की पुरे, त्यापुढची मजबुती नुसती वाहून न्यायची.

पंख विमानाला रबरबँडनं बांधायचा, आठेक पुरतात, शेवटचे दोन तिरके फुलीत. आपटलं की पंख निसटून बाजूला पडतो आणि शाबूत राहतो. काकांनी हे बघितलं, घरात गेले आणि चार इंची नट-बोल्ट घेऊन आले.